शून्याचे रकाने

माझ्या प्रबंधाच्या शेवटी एक मोठा तक्ता आहे. डावीकडे माशांची नावं, वर महिने. जुलै आणि ऑगस्टच्या रकान्यांत वरपासून खालपर्यंत शून्यं आहेत. वाचणाऱ्याची समजूत अशी व्हावी, की भर पावसाळ्यात जाम नदीत मासाच नसतो. खरं तर त्या दोन महिन्यांत मी नदीवर गेलेच नव्हते.

न जाण्याला कारण होतं. मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट हा मासेमारीचा बंद काळ. या दिवसांत मासे अंडी घालायला वर चढतात म्हणून 1972च्या नदीय नियमांनी जाळं टाकायला मनाई केली आहे. अभ्यासासाठी परवानगी मागता येते. मी अर्ज केला तो जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे वरातीमागून घोडं. परवानगीचा कागद हातात पडला तेव्हा पोळा होऊन गेला होता. पुढे प्रबंध टाइप करायला दिला तेव्हा टाइप करणाऱ्याने विचारलं, ''इथं काय टाकू? सगळं रिकामं आहे.'' तक्ता भरलेला दिसला की काम पुरं झाल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, ''शून्य टाका.''

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण शून्यं सरासरीत गेली, सरासरी खाली आली, आणि खाली आलेल्या आकड्याचं स्पष्टीकरण देणं भाग पडलं. मग मी अर्धं पान लिहिलं : गढूळ पाणी, वाढलेला प्रवाह, अन्नाची टंचाई, त्यामुळे पावसाळ्यात मत्स्यवैविध्य घटतं. प्रत्येक वाक्याला कुठल्या ना कुठल्या ग्रंथाचा आधार जोडला. न घडलेल्या गोष्टीची कारणं इतक्या सहज सापडतात, हे मला तेव्हा जाणवलंच नाही. मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला, नाल्यांना पाणी आलं, की चढणीचे मासे कसे उलटे येतात आणि गावची पोरं ते उघड्या हातांनी कसे धरतात, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. ते मासे मी खाल्लेले आहेत. तरी तक्त्यात शून्य लिहिताना हात अडखळला नाही, कारण प्रबंध लिहिणारी बाई आणि ते मासे खाणारी मुलगी यांचा एकमेकींशी संबंध आहे असं मला वाटतच नव्हतं.

दुसरी चूक याहून आधीची, आणि तिच्यावर सगळं काम उभं होतं. मी सुरुवात केली ती जिल्ह्याच्या यादीपासून. तेव्हा पांढुर्णा आणि सौसर हे दोन्ही तालुके छिंदवाडा जिल्ह्यात होते. जिल्ह्यातल्या माशांच्या जुन्या नोंदी गोळा केल्या, त्यांची एक यादी केली, आणि त्यातलं काय काय जाम आणि कन्हान या तिथल्या नद्यांत मिळतं ते पाहायला निघाले. यात काय चुकलं ते नकाशा उलगडला तर मिनिटभरात दिसतं. छिंदवाड्याच्या उत्तरेकडून दुधी आणि शक्कर या नद्या नर्मदेला मिळतात. त्यांचं पाणी पश्चिम समुद्राला जातं. जाम, कन्हान, पेंच यांचं पाणी वैनगंगेत, तिथून प्राणहितेत, तिथून गोदावरीत, म्हणजे बंगालच्या उपसागराला. पांढुर्ण्याहून गाडीत बसून मुलताईला उतरलं, तर त्या एकाच तालुक्यात तापी निघून सुरतेकडे जाते आणि वर्धा निघून आपल्याकडे खाली येते. म्हणजे इतक्या जवळजवळच्या डोंगरांवर पडणारं पाणी तीन वेगळ्या खोऱ्यांत वाटलं जातं. गोड्या पाण्यातला मासा समुद्रमार्गे हिंडत नाही आणि डोंगरावरून चालत नाही. त्याचं जग म्हणजे खोरं. जिल्हा ही महसुलाची सोय आहे. 2023च्या ऑक्टोबरात पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला आणि सौसर त्यात गेलं. माझ्या पद्धतीने मोजलं असतं तर त्या दिवशी छिंदवाड्यातल्या काही जाती कागदावर नष्टच झाल्या असत्या.

जिल्ह्याच्या यादीने केलेला घोळ महाशिराच्या बाबतीत सगळ्यांत ठळक आहे. महाशीर हा मध्य प्रदेशाचा राजमासा, 2011 साली जाहीर झालेला, आणि त्यासाठी निवडलेली जात म्हणजे नर्मदेतला टोर टोर. दख्खनच्या नद्यांत मुख्यतः असतो तो टोर खुदरी. 1839 साली विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनच्या माशांवर लिहिताना हे नाव दिलं. माझ्या यादीत टोर टोर आहे. पुरावा म्हणाल तर कन्हानकाठच्या एका काकाजींच्या मोबाइलमधला फोटो. फोटोत मोठा सोनेरी मासा, दोन्ही हातांवर आडवा धरलेला. ''इथलाच का?'' मी विचारलं. काकाजी म्हणाले, ''हो ना जी.'' पुष्कळ दिवसांनी दुसऱ्या बोलण्यात कळलं की फोटो साळ्याने पाठवलेला, आणि साळा नर्मदेकाठी होशंगाबादला. काकाजी खोटं बोलले असं मी म्हणणार नाही. मी ज्या आशेने विचारलं होतं, त्या आशेला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर आलं असावं.

आता जाळ्यांबद्दल. इथे मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण माझी यादी मुळात जाळ्याने लिहिली होती, मी नाही.

मी नागपूरहून पाण्यात उभं लावायचं नायलॉनचं जाळं आणलं, एकाच मापाच्या भोकांचं. दोन बोटं सहज आरपार जातील एवढी भोकं. असं जाळं कसं धरतं? मासा पोहत येतो, डोकं भोकातून पलीकडे जातं, धड अडतं. मागे सरू लागला की कल्ल्यांच्या झाकणीत धागा अडकतो. म्हणजे ज्याचं डोकं मावतं आणि धड मावत नाही, तोच फसतो. त्याहून लहान तो आरपार निघून जातो, त्याहून मोठा तोंड आपटून परत फिरतो. तळाला दगडाला चिकटून राहणाऱ्याला तर जाळं लावलंय याचा पत्ताही नसतो. अभ्यास करायचा तर वेगवेगळ्या मापांची जाळी, फेकायचं जाळं, हातजाळं, सगळं लागतं. हे मी वाचलेलं होतं. पण जाळी महाग, वाहून न्यायला माणसं लागतात, आणि एका जाळ्यात मासे मिळत होते ना! मिळत होते म्हणून बरं चाललंय असं वाटलं.

रामाकोन्याच्या खाली, कन्हानच्या उथळ पात्रात, मी माझं जाळं आवरत असताना ढीमरांच्या तीन-चार बाया मच्छरदाणीचं कापड दोन टोकांना धरून पाणी गाळत होत्या. एकजण पुढे पायाने दगड हलवायची, मागच्या दोघी कापड उचलायच्या. त्यातल्या वयाने मोठ्या बाईने माझी बादली डोकावून पाहिली. म्हणाली, ''तुमचं जाळं तं पैशाच्या मासोळीचं हाये जी. खायाची मासोळी आमच्याजवळ असते.''

तिची टोपली मी पाहिली. बोटभर लांबीच्या मुऱ्या, चट्ट्यापट्ट्यांच्या, चांदीसारख्या चिलपी, काचेसारखे आरपार दिसणारे चांदा, दोन-तीन रंगांचे झिंगे, आणि दगड चाटून जगणारे, पोटाकडून चपटे पत्थरचट्टे, ज्यांच्या हनुवटीवर चिकटून बसण्यासाठी चकती असते. यातलं निम्म्याहून अधिक माझ्या बादलीत कधीच आलं नव्हतं. मी त्या दिवशी काय केलं? हसले, फोटो काढला, आणि निघाले. प्रश्नावली माझ्याकडे होती, पण तिच्यावर 'मच्छीमार' असं लिहिलेलं होतं, आणि मच्छीमार म्हणजे होडीतला, जाळंवाला बाप्या, असं मी धरून चालले होते. बायांना मी प्रश्नच विचारले नाहीत. विकायला जाणारा मासा बाप्यांना ठाऊक असतो, चुलीवर जाणारा बायांना. आणि नदीतल्या जाती मोजायच्या तर चुलीवर जाणाऱ्याच संख्येने जास्त. मी एक बाई असून हे मला त्या टोपलीपाशीही सुचलं नाही, ही गोष्ट अजून टोचते.

रात्रीचंही तेच. शिंगी, मांगूर, टेंगरा, बाम ही मंडळी अंधार पडल्यावर फिरतात. मी सकाळी उजेडात यायचे आणि उन्हं उतरायच्या आत घरी. एकट्या बाईने रात्री नदीवर थांबावं असं मी म्हणत नाही; पण संध्याकाळी जाळं लावून पहाटे उचलायला कुणाला तरी सांगता आलं असतं. सांगितलं नाही. टेंगऱ्यापुढे 'दुर्मिळ' असं लिहिलं. पहाटे पाचला सौसरच्या बाजारात जो दुर्मिळ मासा टोपल्या भरून विकला जातो, तो हाच.

बाजाराचं नाव निघालं तर तेही उरकते. नमुने कमी पडले तेव्हा मी बाजारातून मासे विकत घेतले आणि 'सौसर परिसर' म्हणून नोंदवले. त्यातले कटला आणि पंगास आंध्रातून बर्फात येतात हे विकणारीने न विचारता सांगितलं होतं. रोहू, कटला, मृगळ हे मुळात गंगेच्या बाजूचे. आमच्या नद्यांत आणि तलावांत ते माणसाने सोडले. माझ्या यादीत ते 'स्थानिक' या रकान्यात आहेत. आणि ज्याला मी देशी मांगूर म्हणून नोंदवलं तो आफ्रिकेचा होता, ज्याच्या पालनावर सरकारची बंदी आहे आणि जो तरीही सगळीकडे विकला जातो.

फॉर्मॅलिनची चूक अंकगणिताची. मासे दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचे असा नियम. बाजारात मिळणाऱ्या बाटलीत सुमारे 37 ते 40 टक्के फॉर्माल्डिहाइड वायू विरघळलेला असतो, आणि त्या बाटलीतल्या द्रावणालाच फॉर्मॅलिन म्हणतात. दहा टक्के म्हणजे त्याचा एक भाग आणि पाण्याचे नऊ. मी हुशारी केली : बाटलीवर 40 लिहिलंय, मला 10 हवेत, तर एकास तीन. डोळ्यांतून पाणी काढणारं ते पाणी मी कित्येक महिने वापरलं. त्यात टाकलेले मासे लाकडासारखे ताठ झाले. तोंडं उघडी, पर अंगाला चिकटलेले.

त्याने काय बिघडलं ते कोतरीवरून सांगते. आमच्याकडच्या लहान कोतऱ्यांत दोन जाती सारख्याच दिसतात. दोघींच्या शेपटीशी काळा ठिपका. पण तिक्तो नावाच्या कोतरीच्या पाठीवरच्या पराचा शेवटचा न फाटलेला काटा मागच्या कडेने करवतीसारखा दातेरी असतो, सोफोरेचा गुळगुळीत. ताजा मासा हातात असला तर पर उभा करायचा आणि सुईचं टोक काट्याच्या मागच्या कडेवरून हलकेच ओढायचं. दातेरी असला तर सुई अडत अडत जाते, बोटांना बारीकशी कुरकुर लागते. गुळगुळीत असला तर घसरून जाते. भिंग लागत नाही. ताठरलेल्या माशाचा पर उभाच होत नाही; जोर लावला तर काटा मोडतो. माझ्या बऱ्याच कोतऱ्यांचे काटे असे मोडले, आणि मी ठिपक्यावरून नावं दिली. रंग तर फॉर्मॅलिनमध्ये उडतोच. शिवाय फॉर्मॅलिनमधल्या मांसातून डीएनए धड निघत नाही. त्यासाठी पराचा एक तुकडा आधीच कापून शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवावा लागतो. मी एकही ठेवला नाही, त्यामुळे त्या कोतऱ्यांचा निकाल आता लागायचा नाही.

पत्थरचट्ट्याच्या बाबतीत तीव्र फॉर्मॅलिनने माझ्या मनातल्या इच्छेशी संगनमत केलं. सुंदरलाल होरा यांचं नाव प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतं. 1940च्या दशकात त्यांनी सातपुडा सिद्धान्त मांडला : ईशान्येकडचे, वेगवान प्रवाहात राहणारे मासे सातपुड्याच्या रांगेवरून पश्चिमेकडे सरकत सह्याद्रीपर्यंत पोचले असावेत. पुढे त्यावर बरेच आक्षेप आले, पण माझं घर त्याच सातपुड्याच्या उतरणीला, आणि होरांच्या वाटेवरचा एखादा प्रवासी मला सापडावा अशी माझी फार इच्छा होती. आमच्याकडे मिळणारा पत्थरचट्टा म्हणजे गारा मुल्या. हेही साइक्स यांचंच 1839चं नाव. उत्तरेकडच्या गारा गोटायलाच्या मुस्कटावर सोंडेसारखा उंचवटा असतो, मुल्याच्या नसतो. माझ्या एका बरणीतल्या माशांच्या मुस्कटावर आडवी खाच होती आणि तिच्या पुढे उंचवटा. मी तो गोटायला ठरवला. एका संशोधनपत्रिकेत टिपण पाठवलं, सातपुडा सिद्धान्ताला दोन परिच्छेद दिले, आणि ते छापून आलं.

पुढे एका प्रयोगशाळेतल्या जाणत्या बाईंना ती बरणी दाखवली. त्यांनी मासा काढला, पाण्यात भिजत ठेवला, चहा मागवला. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली सुईने मुस्कटाची कातडी सरकवली. कातडी आकसून पडलेली सुरकुती होती ती. माशाच्या नव्हे, माझ्या अंकगणिताच्या मुस्कटावर उगवलेली सोंड. बाई एवढंच म्हणाल्या, ''एकास तीन केलं होतंस ना?''

इथवरच्या चुका अज्ञानाच्या, आळसाच्या, घाईच्या. पुढची तशी नाही, आणि ती मी फार थोड्यांना सांगितली आहे.

प्रत्येक बरणीत ठिकाण आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी घालायची असते, ती शिसपेन्सिलने. मी जेल पेनने लिहिली. वर्षअखेरीला बरण्यांतलं द्रावण बदलायला घेतलं तेव्हा काही बरण्यांतलं पाणी फिकट निळं झालं होतं आणि चिठ्ठ्या कोऱ्या. त्यांत पांढुर्ण्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाच्या बरण्या होत्या. जाम नदी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून वाहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या गोटमारीच्या दगडफेकीमुळे ती सगळ्यांना ठाऊक आहे. बाकीच्या वर्षभर तिच्यात गावाचं सांडपाणी उतरतं, त्याची चर्चा कमी. माझ्या प्रबंधाचा मुख्य मुद्दा हाच होता, की गावाच्या वर आणि गावाच्या खाली काय फरक पडतो.

मी त्या बरण्या टेबलावर मांडल्या आणि आठवून ठिकाणं लिहिली. आठवून म्हणते, पण आठवत काहीच नव्हतं. बरणीत नाजूक, स्वच्छ पाण्यातले मासे दिसले की 'वरचं अंग'. मरळ, डोकऱ्या, डबक्यातल्या कमी हवेतही तगणारे दिसले की 'खालचं अंग'. मग दोन्हीकडचे निर्देशांक काढले आणि निष्कर्ष लिहिला : गावाखाली वैविध्य लक्षणीय कमी. तोंडी परीक्षेत या प्रकरणाची स्तुती झाली. निष्कर्ष खराही असेल. गटाराच्या तोंडाशी उभं राहिलं की तसं वाटतंच. पण मी तो मोजला नाही. आधी उत्तर लिहिलं आणि मग त्याप्रमाणे मासे बरण्यांत वाटले.

आणखी एक, घाईत सांगते. मे महिन्यात जामचं पात्र तुटून डोह उरतात. संत्र्याच्या बागांचे पंप उरलेलं पाणी ओढत असतात. त्या डोहांत एका फेकीत जाळं भरून येतं. माझ्या आलेखात मे हा वर्षातला सर्वांत समृद्ध महिना आहे. नदीभरचे मासे एका डोहात कोंडले गेले म्हणजे मासे वाढले असा अर्थ मी काढला. जूनच्या तोंडाशी पाऊस लांबला की तेच डोह वास मारतात.

गेल्या काही वर्षांत यादी नव्याने करते आहे. जाळी तीन-चार प्रकारची आहेत; बंद काळाचा अर्ज फेब्रुवारीत जातो; टोपलीवाल्या बाया मजुरीवर सोबत असतात आणि बरणीवर कुणी पकडलं तेही पेन्सिलने लिहिलं जातं. जिथे गेलो नाही तिथे आडवी रेघ असते. जुन्या यादीतली बरीच नावं गळली, बरीच नवी आली, आणि गावाच्या वर-खाली या प्रश्नाला अजून मी उत्तर दिलेलं नाही.

गोटायलाचं टिपण मागे घ्यावं म्हणून पत्रिकेला लिहिलं, तर पत्रिका बंद पडली होती. टिपण मात्र चालू आहे. मध्य भारतातल्या माशांच्या आढाव्यांत 'कन्हान खोरे' म्हणून ते दाखल होतं, माझ्या नावानिशी. जे दिसले त्या लेखकांना मी कळवलं. एकांनी आभार मानून नाव काढलं. दुसऱ्यांचं उत्तर आलं, की पुस्तक छापायला गेलं आहे, पुढच्या आवृत्तीत पाहू. आणि जाता जाता विचारलं होतं, की त्या माशाचा एखादा चांगला फोटो मिळेल का.